दाराशेजारची खुर्ची

सुमनअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याहून शिरपूरला निघालो होतो आणि बस सोनगीरच्या थांब्यावर उभी होती. तिथेच उतरलो, उलट दिशेची गाडी धरली आणि अमळनेर गाठले. अंगणात शेजारच्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले, “सर, अग्नीच द्यायचा ना? की… दुसरं काही?” प्रश्नात कुत्सितपणा नव्हता. कापूस पिकवणाऱ्या घरातली, लग्न न केलेली, महाविद्यालयात मराठी शिकवणारी ही बाई शेवटपर्यंत ख्रिस्ती शुभवर्तमानांवर लिहीत होती. गल्लीचा गोंधळ होणे साहजिक होते. अग्नीच दिला, आणि तो मी दिला. अक्काने धर्म बदललेला नव्हता. शुभवर्तमाने ती कथा म्हणून वाचत होती.

ती माझी मावसबहीण. आता काही आठवडे गेले आहेत, म्हणून तिची वाचनाची रीत नीट सांगता येईल असे वाटते. कथेत सत्ता कोणाकडे आहे हे केवळ संवादांवरून ठरवू नका, असे ती विद्यार्थ्यांना सांगे. कोण बसले आहे, कोण उभे आहे आणि कोणाला दाराबाहेर ठेवले आहे, ते आधी फळ्यावर काढा. एका प्रसंगात येशू एका प्रतिष्ठित माणसाकडे जेवायला जातो; तिथे तेव्हा पाय मागे करून, रेलून जेवत. गावाने पापी ठरवलेली एक बाई आत शिरते आणि त्याच्या पायांशी, मागे उभी राहून रडते. निवेदक यजमानाच्या मनातले विचारसुद्धा सांगतो. बाईला मात्र ना नाव देतो, ना एखादे वाक्य. इथवरची मांडणी आपल्या ओळखीचीच आहे. पुढे येशू यजमानाशी बोलतो, पण तोंड त्या बाईकडे करून. “मग यजमानाला कुठे पाहावं लागलं?” असे विचारून अक्का खडू बाईसाठी कोपऱ्यात काढलेल्या फुलीवर टेकवी आणि थांबे… एकदा मागच्या बाकावरून उत्तर आले, “बाईकडं, मॅडम. अन् जेवण गार झालं असंल!” वर्गाबरोबर तीही हसली. म्हणाली, “उत्तराचा पहिला भाग बरोबर.”

हे वाचन एकदा घरापर्यंत आले. अक्काचे थोरले बंधू, भाऊ, यांच्या मुलीची सोयरीक चालली होती आणि मुलीची आत्या बाटली अशी कुजबुज उठली होती. भाऊंनी शिरपूरजवळच्या गावी सगळ्यांना बोलावले. पुढच्या खोलीत आम्ही पुरुष खुर्च्यांवर, अक्का आतल्या दारात उभी.

“लोके इचारतस, तुनी बहीन बाटनी का,” भाऊ म्हणाले. “हाई लिखनं बंद कर.”

अक्का आत गेली आणि एक खुर्ची घेऊन आली. ती आमच्यामध्ये ठेवली.

“खुर्ची कसाले?” अक्काचे काका खेकसले. “तठूनच बोल ना!”

“उभा मानूसले तुम्ही हुकूम देतस, काका. बठेल मानूससंगे बोलतस,” ती बसत म्हणाली. “माले बोलनं शे.”

बोलणे झाले नाही. भाऊ उठून बाहेर गेले. पुढे लिखाण चालू राहिले, सोयरीकही जमली. पण भाऊंनी अक्काच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाही. भाऊबीजेला ती ओवाळणीचे ताट संध्याकाळपर्यंत झाकून ठेवी आणि शेवटी मला ओवाळी. “तू काय, येणारच होतास,” म्हणे.

अमळनेरच्या घरात तिने दाराशेजारी एक लाकडी खुर्ची कायमची मांडली होती. तिथे उभ्याने कोणी बोलायचे नाही, असा तिचा नियम. विद्यार्थी, पोस्टमन, दूध घालणारी सखूबाई, सगळे त्या खुर्चीवर बसून बोलत.

दहाव्याला भाऊ आले. खोली भरलेली होती आणि सवयीने सखूबाई त्याच खुर्चीवर बसली होती. भाऊंना पाहून ती पदर सावरत लगबगीने उठू लागली.

“ऊठू नको, माय. बस,” भाऊ म्हणाले. कोणी आतून दुसरी खुर्ची आणली; त्यांनी हातानेच नको म्हटले. “मी आठे उभाच बरा शे.”

लोक पांगेपर्यंत ते दारात उभे होते.

घर आता बंद असते. किल्ली माझ्याकडे आहे. परवा भाऊंचा फोन आला.

“ती खुर्ची कोठे शे?”

“तठेच शे, भाऊ. दारजोडे.”

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “माले एक डाव बठनं शे तठे.”