जगनची फेराची कॅसेट

जव्हारच्या बाजारात माझं मोबाइलचं दुकान, आणि त्याला लागून जगनचं टपरीएवढं रिपेरिंगचं. जगन जवळच्या पोशेरा गावचा. जुने रेडिओ, टेप, अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसायचा. शिकलेला मी, पण नाशिक-ठाण्याचे शौकीन आपले जुने सेट त्याच्याकडे आणायचे. का, तर म्हणे जगनचा कान. माझं टाळकं सरकायचं.

त्याची सेट तपासायची रीत वेगळीच. गावात भोपळ्याचा लांब तारपा वाजतो तेव्हा वाजवणारा मधे असतो आणि नाचणारे हातात हात घालून त्याच्याभोवती फिरतात. जगनने एकदा मधे उभं राहून, डावी-उजवीकडे दोन माइक धरून, तो फेर कॅसेटवर भरला होता. कॅसेट लावली की पावलं उजवीकडून डावीकडे जायची आणि वळून परत यायची. सेट चांगला असला तर फेर पुरा ऐकू येई, नाहीतर मधेच तुटे. फेराच्या रांगेत शेवटाला त्याची बायको नवशी होती. ती डावीकडे आली की हसायची. "नवशी हसली का बघा," असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा.

दोन वर्षांपूर्वी तो लग्नातला डीजेचा स्पीकर दुरुस्त करत होता, आणि कुणीतरी एकदम आवाज सोडला. तेव्हापासून डावीकडून हाक मारली तर जगन वळत नसे; उजव्या कानालाही जवळचंच ऐकू येई. नवशी कायम त्याच्या उजव्या हाताला चाले. नव्या नवरीसारखी चिकटून असते म्हणून बाजार तिची थट्टा करायचा. मी मात्र काय ते ओळखलं होतं आणि राखून ठेवलं होतं.

यंदा कापडवाले कांतीलालशेठ मुंबईहून दोन जुने प्रीअ‍ॅम्प घेऊन आले, एक जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा, एक ट्रान्झिस्टरचा. प्रीअ‍ॅम्प म्हणजे मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीचा डबा. आवाजाची चव तिथेच ठरते. रविवारी दुपारी शेठच्या माडीवरच्या दिवाणखान्यात सहा-सात शौकीन जमले. निवाडा जगनचा; तो उजव्या स्पीकरला लागून बसला. बाजाराला आलेली नवशीही त्याच्या उजवीकडे जमिनीवर बसली. वायरी बदलायचं काम माझं.

आधी ट्रान्झिस्टरचा लावला. जगन डोळे मिटून म्हणाला, "साफ हाय, पण कोरडा. पावलांखाली माती नाय."

मग व्हॉल्व्हचा. "यात माती हाय."

"पुन्हा लाव," शेठ म्हणाले. "मग ठरवू."

मी कपाटामागे वाकलो आणि डाव्या बाजूची वायर काढून टाकली. कॅसेट सुरू झाली. पावलं उजवीकडे वाजायची, डावीकडे गेली की खोलीत नुसती शांतता. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. नवशीने मान वर केली. जगन मात्र पाठ असलेल्या ठिकाणी मान डोलावत होता. नवशीचं हसू यायच्या जागी तर तो स्वतःही हसला.

"फेर पुरा हाय, शेठ. हाच ठेवा."

मी सुटलेली वायर वर धरून सगळ्यांना दाखवली. "जगन, तुझी बायको हसलीच नाही रे." आधी एक जण फिसकन हसला, मग सगळेच. शेठ डोळे पुसत म्हणाले, "अरे जगन्या, एका कानाचा स्टिरिओ?" मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

जगनने नवशीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. त्याने उठून कॅसेट काढली, शर्टाच्या टोकाने पुसली आणि खिशात घातली.

महिन्याभरात त्याच्याकडे येणारे सेट माझ्याकडे यायला लागले. मी उघडतो, सांधतो, बंद करतो. कुठला चांगला, ते मला कळत नाही. त्याचं दुकान आता बंद असतं.

त्या दुपारी मी शेठच्या खिडकीतून त्यांना जाताना पाहिलं. नवशी पहिल्यांदाच त्याच्या डाव्या बाजूने चालत होती. ती मोठ्याने रडत होती. मला वरपर्यंत ऐकू येत होतं. जगन समोर बघत चालला होता.