सतरा नंबरचं घर

कुंभकोणम माझं गाव. म्हणून पुराच्या पूर्वतयारीसाठी लष्करातल्या आमच्या इंजिनिअर कंपनीची तुकडी तिथे पाठवताना सीओंनी, म्हणजे कमांडिंग ऑफिसरांनी, मला निवडलं. मी शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर कॅप्टन होते. "तुला भाषा येते. लोक ऐकतील," ते म्हणाले. भाषा येत होती.

सकाळी साडेसहाला फॉल-इन. सातला तिरुवलंचुळीच्या पुढची नदीकाठची वस्ती. प्रत्येक घराला नंबर द्यायचा आणि लिहायचं: चालू न शकणारं कोण, त्याला कोण उचलणार, किती मिनिटांत. नायक मुरुगेसन टेपने दारं मोजायचा. लोक कॉफी द्यायचे आणि विचारायचे, "मॅडम, पूर नक्की कुठल्या तारखेला आहे?"

सतरा नंबरमध्ये जगन्नाथराव राहायचे. निवृत्त शिक्षक. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. घर आमच्यासारखंच, तंजावरी मराठी बोलणारं. सरावाच्या दिवशी स्ट्रेचर दिसताच ते दारात आडवे उभे राहिले.

"जित्या माणसाला चौघांनी उचलून बाहेर काढायचं? तुझ्या आजीला काढशील अशी?"

"काका, सराव आहे."

"अपशकुनाचा सराव नसतो. भाताची गोणी ने. वजन तेवढंच."

आतून आजी ओरडली, "माझं कुठलं एवढं वजन रे? अर्धी गोणी घे!"

सगळे हसले. मुरुगेसन हसला नाही. आजीला तो पाट्टी म्हणायचा. हळू आवाजात तमिळमध्ये म्हणाला, "मॅडम, एकदा पाट्टींनाच उचलून बघू."

बाहेर महसूलचे अधिकारी घड्याळ दाखवत होते. त्यांना बाराच्या आत फोटो हवा होता. मला जवानांना हुकूम देता येत असे, काकांना नाही. मी गोणीला परवानगी दिली. गोणी चार मिनिटांत बाहेर आली. रजिस्टरमध्ये मी चार लिहिलं.

पाच आठवड्यांनी, सकाळी सहा दहाला, बांध फुटल्याचा मेसेज आला. सात वीसला आमची बोट सतरा नंबरसमोर होती. पाणी जोत्यावर चढलं होतं आणि भिंती मातीच्या. जगन्नाथरावांना बोटीत घेतलं. मुरुगेसन तीन जवानांसह आत गेला. मी बोटीत, वायरलेस सेटवर. सेटवर त्याचं नाव चार्ली.

"चार्ली, रिपोर्ट. ओव्हर."

"पाट्टी स्ट्रेचरवर. निघतोय. ओव्हर."

चार मिनिटं झाली. मग सहा.

"चार्ली, उशीर का? ओव्हर."

"पाट्टींनी चौकट धरलीय. सोडत नाहीत. ओव्हर."

आजीचा आवाज बोटीपर्यंत येत होता. "मी जिती आहे! मला नेऊ नका!" जगन्नाथराव ओरडत होते, "आई, सोड गं!"

गोणीला हात नसतात. हे आमच्या आराखड्यात कुठेच नव्हतं.

मुरुगेसनने तिचं एकेक बोट सोडवलं. अकराव्या मिनिटाला स्ट्रेचर दाराबाहेर आलं. मागचा डावा कोपरा त्याच्याकडे होता. तो उंबऱ्यावर असतानाच भिंत कोसळली. आम्ही हातांनी माती उपसली. सात पन्नासला तो सापडला. जिवंत नव्हता.

अहवालात मी लिहिलं: 'सराव माणसाशिवाय झाला. परवानगी मी दिली.' संयुक्त अहवालाची अंतिम प्रत आली, तेव्हा त्यात ही दोन वाक्यं नव्हती. 'पूर्वसराव यशस्वी' एवढंच होतं. मी पत्र लिहिलं. पुन्हा लिहिलं. पोच मिळाली.

सर्व्हिस संपल्यावर मी घरी परतले. आता वर्दीशिवाय तेच काम करते. इन्नंबूरच्या बाजूला एका गावात अलीकडेच सरपंच म्हणाले, "म्हाताऱ्यांना कशाला त्रास? सामान उचलून दाखवतो." मी नाही म्हटलं. सराव रद्द झाला. पाऊस जवळ आलाय, आणि त्या गावाच्या यादीत नऊ माणसं अशी आहेत, ज्यांना अजून एकदाही कोणी उचललेलं नाही.

मुरुगेसन एकतीस वर्षांचा होता. त्याची पत्नी सेल्वी मला पोंगलला फोन करते. त्याच्याबद्दल बोलत नाही. एकच विचारते, "त्या पाट्टी कशा आहेत?" मी सांगते, बऱ्या आहेत, दोन वेळा जेवतात. मग ती बरं म्हणते आणि फोन ठेवते.

गेल्या महिन्यात आजी झोपेतच गेली. सेल्वीला मी अजून सांगितलेलं नाही.