खोऱ्यातल्या उंबऱ्यावर कुसुमताई

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराहून नितीनचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघाले होते. "मावशी, आई इज गॉन," एवढंच तो म्हणाला. कुसुमताई, माझी मावसबहीण, ह्यूस्टनजवळ शुगर लँडच्या घरात एकटीच होती. झोपेतच गेली. शेजारच्या बाईंना दुपारपर्यंत दारातलं वर्तमानपत्र तसंच पडलेलं दिसलं, म्हणून कळलं. याला आता दीड महिना होईल.

भाऊजी गेल्यापासून ती त्या घरात एकटी. तिला ड्राइव्ह करता यायचं नाही, आणि तिथे गाडीशिवाय साधं दूध आणणं कठीण. रविवारी मुलाचा, नितीनचा फोन यायचा. ती मराठीत विचारायची, तो इंग्रजीत उत्तरं द्यायचा. मी इकडे शिकागोजवळच्या शॉमबर्गहून फोन केला की म्हणायची, "अगं, आज तुझ्याशी बोलले तेवढंच. नाहीतर घशाला गंज चढायचा." म्हणायची हसतच, पण...

म्हणून चौऱ्याऐंशी साली मी पेरूला निघाले तेव्हा तिलाही ओढून नेलं. जून म्हणजे तिथला हिवाळा. साडीवर भाऊजींचा कोट चढवून ती कुस्कोच्या गल्ल्यांतून हिंडली. भिंतींच्या पायाला इंकांचे प्रचंड दगड, त्यावर स्पॅनिश लोकांनी रचलेली पांढरी घरं आणि निळे सज्जे. एवढ्या उंचावरच्या विरळ हवेमुळे पहिल्याच दिवशी मी आडवी झाले. ताईला काही म्हणजे काही झालं नाही. कोकाच्या पानांचा चहा मला चमच्याने पाजत म्हणाली, "म्हातारीला फिरवायला आणलंस आणि स्वतःच पडलीस!"

मला बरं वाटल्यावर आम्ही खाली खोऱ्यात उतरलो. मक्याची कापणी झालेली, अंगणाअंगणांत कणसं वाळत पडलेली. सकाळी माचू पिक्चूला जाणारी गाडी पकडायची होती. ताई म्हणाली, "तू जाऊन ये. मला दगड पुरे झाले." कितीही समजावलं तरी ऐकेना. वर, ढगांतल्या त्या अवशेषांत, माझं लक्षच लागलं नाही. परकं गाव, भाषेचा एक शब्द येत नाही...

संध्याकाळी परतले तर ती खोलीत नव्हती. मी धास्तावून गल्लीत धावले. थोड्या पुढच्या एका घराच्या उंबऱ्यावर, टोप्या घातलेल्या, लांब वेण्यांच्या बायकांमध्ये ताई बसली होती, मांडीवर कणसं घेऊन दाणे सोडवत. ती मराठीत बोलत होती, त्या त्यांच्या केचुआ भाषेत. एकीने तिच्या साडीचा काठ हातात धरला होता. सगळ्या खळखळून हसत होत्या. भाऊजी गेल्यानंतर तिला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"काय बोलताय तुम्ही?" मी विचारलं.

"कोण जाणे! हिचा मुलगा लांब गेलाय. माझाही लांबच असतो, सांगितलं मी."

"पण तुला कळलं कसं?"

"डोंगरापलीकडे बोट दाखवलं आणि डोळे पुसले. आणखी काय सांगायचं असतं गं?"

परतीच्या विमानातून ह्यूस्टन दिसायला लागल्यावर ती म्हणाली, "आमच्या रस्त्यावर एवढी घरं आहेत. पण ये, बस, असं मला कुणी म्हणालेलं नाही." मी तिचा हात धरला. दुसरं काय करणार...

तिचं क्रियाकर्म आटोपल्यावर नितीन आणि मी तिचं घर आवरत होतो. गराजच्या तोंडाशी घडीच्या दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या दिसल्या. मी शेजारच्या बाईंना विचारलं. ताई रोज संध्याकाळी गराजचं दार उघडून तिथे बसायची म्हणे, भर उन्हाळ्याच्या घामट हवेतसुद्धा. दुसरी खुर्ची कुणासाठी, हे त्यांना माहीत नव्हतं. "मी येताजाता हात करायचे," त्या म्हणाल्या. "छान हसायची."

नितीन एका खुर्चीत जाऊन बसला. मी दुसरीत बसले. ऑफिसं सुटली होती, एकेक गाडी घराकडे वळत होती. काचेआडून कुणी कुणी हात करत होतं. आम्हीही करत होतो. थांबलं कुणीच नाही.