जरदाळूच्या बीचा वास

लई वर्सांआंधी एका दुपारी भिलाईच्या झोपडीत आमी चौघी होतो: मी, माही सासू, शेजारची फुलमती अन् मांडीवर माही चार महिन्यांची सुमी. आज नातीनं मनगटाले सेंट लावलं. "आजी, याच्यात जरदाळूच्या बीचा वास हाय," म्हणे. अन् मले तीच दुपार आठवली.

तवा रशियाच्या मदतीनं भिलाईचा पोलादाचा कारखाना बांधून राहिले होते. मी घमेल्यानं माती वाहो. सुमी काही अंग धरत नव्हती. सासू म्हणे, घुटीत बदाम उगाळून दे. पण बदाम आणाचा कुठून? फुलमती एका रशियन बाईच्या घरी भांडे घासे. तिनं पदरातून दोन बिया काढल्या. "बदाम आय दीदी, नोनी बर." तिच्या छत्तीसगढीत 'नोनी बर' म्हणजे पोरीसाठी.

मी बी फोडली, सहाणेवर उगाळली. असा गोड वास सुटला, का सिमेंटच्या धुळीतली झोपडी हलवायाच्या दुकानावानी वाटली. मी बोट सुमीच्या ओठाजवळ नेलं, त सासूनं हात धरला.

"थांब व बाई! चाखल्याबिगर देतेस?" तिनं जिभेले लावलं अन् थुकली. "कडू हाय! कडू बदाम जहर असते लेकराले."

फुलमती रडाले लागली; रशियन बाईच्या घरच्या जरदाळूच्या बिया तिनं बदाम समजून आणल्या होत्या. सासू म्हणे, "रडून कावून राहिली? वास त चांगला हाय न." अन् ते उगाळलेलं तिनं माह्या भेगाळलेल्या हाताले चोळलं. लगन झाल्यापासून तिनं मले असा हात पहिल्यांदाच लावला.

सुमी माह्या दुधावरच वाढली, आता ते बी आजी हाय. तुमच्या घरी लेकरू असन, त घुटी आंधी आपल्या जिभेले लावा, मंग त्याले द्या.