शेवंताच्या अंगणात पुरलेली मडकी

शेवंताबाई काल सकाळी गेली, आन् आज गल्ली तिचं अंगण उकरायला निघाली.

तिच्या अंगणात मडकी पुरलेली हायेत. तोंडाला लाल फडकं बांधून.
करणी हाये म्हणतेत.

डाऊट पहिल्यांदा मलाच आल्ता, म्हणून सांगते.

आमची भिंत एक. आमच्या मस्तगड गल्लीत तसंच असतं, शेजारणीनं कुकर लावला की शिट्ट्या आपण मोजायच्या. तर एका उन्हाळ्यात, तिन्हीसांजेला, ही बाई भिंतीखाली मडकं पुरून राह्यली. आन् त्याच्यावर लिंबू!

आता लिंबाचं झाड तिथंच हाये, लिंबू पडणारच. पण तवा कुठं सुचतं?

आधी नातवंडांची मीठ-मिरचीनं नजर काढली. मंग भिंतीवरून डोकावले.

"काय पुरलं गं?"
"मडकं."
"ते दिसून राह्यलं. आत काय हाये?"
"तुझा जीव!" म्हणली, आन् खदाखदा हसली.

फडकं सोडून दाखवलं. नुसतं पाणी.
मला जास्तच डाऊट आला. पाणी कुणी पुरतं का?

"अगं आक्का, नळ किती दिसांनी येतो? वरून ओतलं तर निम्मं ऊनच पितं. मातीचं मडकं पाझरतं, झाड खालून हळूहळू पितं. फडकं डासासाठी."
"लालच कशाला?"
"जुना झंपर तोच होता!"

मला बिलकुल पटलं न्हाई. नळाला मोटर लावत असंल म्हणून भिंतीला कान लावून बसायचे.
पण भर उन्हाळ्यात आमची तुळस काडी झाली, आन् त्या मडक्यापाशी लावलेला तिचा मोगरा असा फुलला, काय सांगू बायांनो! ओंजळ-ओंजळ फुलं. भिंतीवरून गजरा द्यायची. मी आधी उलटून-पालटून पाह्यचे, मंग माळायचे. मंग दिवसभर आरशापुढं!

शेवटी मी बी तुळशीपाशी एक मडकं पुरलं. पांढरं फडकं लावलं. उगं लोकांना डाऊट नको.

आज शेवंताच्या सुनेला बायांनी लई घाबरवलं. लेकरू छातीशी धरून म्हणली, "मावशी, ते काढून नदीत टाकू द्या. भीती वाटती."

मोगऱ्याच्या मुळ्या मडक्याला गच्च धरून असतेत. मडकं उपटलं की झाड गेलं.

तिसरी शिकलेली बाई मी, काय समजावणार? मोगऱ्यापाशच्या मडक्याचं फडकं सोडलं, वाटी बुडवली आन् सगळ्यांच्या देखत घटाघटा प्यायले. सुतकाच्या घरचं पाणी पिऊ न्हाई म्हणतेत. प्यायले तरी.
मातकट हाये. पण गार.

बाया माझ्या तोंडाकडं बघून राह्यल्या.
मी बी जरा थांबले, खरं सांगते.

काई झालं न्हाई.

मंग सून उठली. कळशी आणली आन् मडकं काठोकाठ भरलं.

शेवंता, मोटर लावायचीस का न्हाई, ते आता देवालाच माहीत.
जा बाई, निवांत जा. मोगऱ्याला पाणी हाये.