हळदीकुंकवाचा शेजार

विनताबाईंना राग आला की त्या भांडत नाहीत. राग बरणीत भरतात, वरून फडकं बांधतात आणि मुरू देतात. देवदत्त सरांवरचा राग असा वीस वर्षं मुरला होता. बाहेर कोणाला त्याचा पत्ता नव्हता. शशिकांतरावांना मात्र, नवराच पडले बिचारे, त्याचा वास रोज घ्यावा लागे.

झालं होतं ते असं. विनताबाई तेव्हा जबलपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायच्या. शशिकांतराव संरक्षण कारखान्यात, राहणं कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. शाळा, स्वयंपाक, सासूबाईंचं पथ्यपाणी आटोपलं की बाई स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली कॅनव्हास मांडून बसत. त्यातून एक चित्र झालं. त्यात माणूस नाही, झाड नाही, देऊळ नाही. नुसता पिवळा, आणि एका कडेने त्याला भिडलेला लाल. नर्मदेच्या ग्वारीघाटावरच्या फुलवाल्या टोपल्या झटकून घरी निघतात तेव्हा पायऱ्यांवर जे उरतं ते त्यांना हवं होतं. फुलं नको होती, त्यांचा रंग तेवढा हवा होता. शहरातल्या वार्षिक प्रदर्शनाला त्यांनी ते चित्र पाठवलं.

परीक्षक होते देवदत्त सर. जबलपुरात अमूर्त चित्रं काढणारा जो कोणी असेल तो सरांचा चेला, नाहीतर चेल्याचा चेला. सरांचं एकच म्हणणं, रंगाने आरडाओरडा करायचा नाही. ते स्वतः राखाडी वापरत, म्हणून सगळेच राखाडी वापरू लागले. प्रदर्शनात शिरलं की रिछाईच्या कारखान्यांचा धूर भिंतींवर येऊन बसलाय की काय असं वाटे. निवडीच्या वेळी चित्रकारांना हॉलमध्ये मागे बसू देत. विनताबाई नवी साडी नेसून बसल्या होत्या. त्यांचं चित्र पुढे आलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"अरे भाई, हे चित्र थोडीच आहे, हळदीकुंकू आहे हे. बाईंना म्हणावं, घरी देवघरात लावा."

हॉल हसला. चेले जरा जास्तच हसले. पुढे कितीतरी दिवस त्या मंडळींत बाईंचं नाव 'हळदीकुंकूवाली दीदी' पडलं होतं. बाईंनी चित्र सासूबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं आणि परत प्रदर्शनाचं तोंड पाहिलं नाही. शाळेत पावसाळ्याचे तक्ते रंगवले, गणपतीची मखरं रंगवली. पण जेवताना सरांचं नाव निघालं की हातातला घास हातातच राहायचा. मेल्याला एकदा तरी दाखवीन, एवढंच म्हणायच्या. काय दाखवणार, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

यंदा ते आपोआप चालून आलं. प्रदर्शनाच्या मांडणी समितीतली जुनी माणसं थकली, आणि शाळेची प्रदर्शनं मांडायची सवय म्हणून निवृत्त विनताबाईंना बोलावणं आलं. निवड झालेली चित्रं कुठे, कोणाशेजारी टांगायची हे ठरवायचं काम. आणि निवडलेल्यांत सरांचं चित्र होतं. जन्मभर परीक्षकाच्या खुर्चीत बसल्यामुळे सरांना आपल्याच गावाचं पहिलं बक्षीस कधी मिळालं नव्हतं. आता सत्तरी उलटल्यावर ती हौस उरली होती. ग्वारीघाटाच्या पहाटेवरचं मोठं राखाडी चित्र त्यांनी पाठवलं होतं. बक्षीस त्यांनाच, असं सगळे धरून चालले होते.

विनताबाई घरी आल्या आणि शशिकांतरावांना म्हणाल्या की स्टूल घ्या आणि माळ्यावर चढा.

चित्र मारायला त्याला बोट लावावं लागत नाही. शेजार वाईट दिला की पुरे. फिक्या राखाडीला भडक रंगाच्या बाजूला उभं केलं की तिचं भांडी घासलेलं पाणी होतं. आणि मांडणी करणाऱ्याला स्पर्धेबाहेर आपलं एक चित्र लावायची मुभा असते, तो तिथला जुना रिवाज. हॉलचे पडदे नेहमीसारखे ओढलेले, वर ट्यूबलाइट. बाईंनी आपला पिवळा सरांच्या राखाडीला अगदी खेटून लावला. हॉल सांभाळणारा धनेश खिळा ठोकताना म्हणालाही, दीदी, ये जँच नहीं रहा. बाई म्हणाल्या, भैया, आप ठोकिए. मागे सरून त्यांनी पाहिलं. सरांची पहाट मळक्या पोतेऱ्यासारखी दिसत होती. बाई त्या दिवशी घरी जाताना रबडी घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बक्षीस ठरवायला भोपाळहून परीक्षकबाई आल्या आणि दारातच वीज गेली. आता अंधारात काय बघणार? त्यांनी धनेशला पूर्वेकडचे सगळे पडदे उघडायला लावले. ऊन सरळ त्या भिंतीवर आलं.

विनताबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. आपलं चित्र त्यांनी उजेडात कधी पाहिलंच नव्हतं. रंगवलं ट्यूबखाली, नाकारलं गेलं ट्यूबखाली, आणि मग माळा. उन्हात तो पिवळा असा काही उठला की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या पिवळ्याच्या शेजाराने सरांच्या राखाडीत निळसर जांभळी झाक उतरली. नर्मदेवर सूर्य यायच्या जरा आधी असते ना, नेमकी तीच. दोन चित्रं नव्हतीच ती, एकच घाट होता.

परीक्षकबाई तिथून हलेनात. पहिलं बक्षीस सरांना दिलं, आणि बजावून सांगितलं की पडदे उघडे ठेवा आणि ही दोन्ही चित्रं अशीच राहू द्या.

करायला गेले काय आणि झालं काय! मारायला नेलेल्या माणसाला बाईंनी स्वतःच्या हाताने पाटावर बसवून ओवाळलं होतं. तरीही खरं सांगायचं तर त्या घटकेला राग उतरला असता. चित्र इतकं चांगलं होतं की त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. सरांनी एक शब्द बोलायला हवा होता.

दुपारी सर आले. रंगातला माणूस, आपलं चित्र कशाने उठलं ते त्यांना कळायला वेळ लागला नाही. पिवळ्यापुढे खूप वेळ उभे राहिले, चिठ्ठीवरचं नाव वाचलं आणि प्रसन्न चेहऱ्याने बाईंकडे वळले.

"शेजार फार छान मिळाला मला. नवीन आहात का तुम्ही?"

नवीन. वीस वर्षं घास अडकले, आणि या माणसाला आठवतसुद्धा नव्हतं. बाईंनी हसून मान हलवली आणि घरी येऊन सासूबाईंचं लुगडं पुन्हा बाहेर काढलं.

शशिकांतरावांनी समजावून पाहिलं. म्हणाले, "काहून करून राहिली तू असं? लोक तुझंही चित्र पाहतील की. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करून राहिली." बाई म्हणाल्या, नाक माझं आहे.

उद्‌घाटनाच्या सकाळी त्या सगळ्यांच्या आधी पोचल्या. चित्र स्पर्धेबाहेरचं, त्यांचं स्वतःचं, कोण अडवणार? काढलं, गुंडाळलं, मांडीवर घेऊन मागच्या खुर्चीत बसल्या. भिंतीवर खिळा तेवढा राहिला.

पाहुणे आले, माणसं आली, बक्षिसाच्या चित्रापुढे गर्दी जमली. भरपूर ऊन होतं, पण शेजार नव्हता. राखाडी परत नुसती राखाडी झाली होती, गिलावा केलेल्या भिंतीसारखी. इसमें है क्या, असं कोणीतरी म्हणालं, आणि दुसरं कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. चेले जमिनीकडे पाहत होते. सरांनी एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा खिळ्याकडे, आणि वाट काढत मागे आले. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता.

"बाई, ते परत लावा ना. माझं चित्र एकटं उभं राहून नाही राहिलं."

"हे चित्र थोडीच आहे सर," विनताबाई म्हणाल्या. "हळदीकुंकू आहे हे. देवघरात लावायचं असतं."

आता सरांना आठवलं. चेहऱ्यावरून दिसलं तसं. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण बाई चित्र काखोटीला मारून ऑटोकडे चालू लागल्या होत्या. रस्ताभर त्यांना इतकं बरं वाटत होतं की ऑटोवाल्याशीही त्या हसून बोलल्या.

घरी येऊन त्यांनी बोलल्याप्रमाणे चित्र देवघराच्या भिंतीवर लावलं. त्या खोलीला खिडकी नाही. ट्यूब लावली. पिवळा परत खाली बसला होता, मळकट.

शशिकांतराव दारात उभे होते. चित्राकडे पाहत ते म्हणाले, "म्हणजे शेवटी त्यांनी सांगितलं तिथंच लावलं तू."

विनताबाईंनी ट्यूब बंद केली, आणि अंधारात त्याच चित्रापुढे बसून राहिल्या.