खोक्यावरचं ॲसिड

नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. आणि गोष्ट तरी केवढी — नाश्त्याच्या एका खोक्याची. हसू येईल तुम्हाला. हसा.

नव्वदीच्या दशकात लग्न होऊन मी चिपळूणहून विरारला आले, चंदनसारला. बिल्डिंग नवी, अर्धे फ्लॅट कुलूपबंद. नवरा पहाटे जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. मधला सगळा दिवस मी एकटी. गृहविज्ञानाची पदवी होती, ती कपाटात साड्यांखाली पडून होती. खालच्या मजल्यावर कुणाचा कुकर वाजला तरी बरं वाटायचं — इतकं. कुणाशी बोलावं यासाठी मी तेव्हा काय वाटेल ते केलं असतं. केलंच म्हणा.

समोरच्या दारात हिरामावशी राहायची. अर्नाळ्याची, जन्मभर मासळी विकलेली. एकुलता एक मुलगा मस्कतला क्रेन चालवायचा; त्याने आईसाठी हा फ्लॅट घेतला होता. मावशीला साखरेचा आजार. सकाळचा चहा-पाव डॉक्टरांनी बंद केला, म्हणून मुलगा सुट्टीवर येणाऱ्या माणसांबरोबर खोकी पाठवायचा — दुधात घालून खायचे ते मक्याचे, गव्हाचे पोहे. त्यावरची अक्षरं एका बाजूला अरबी, एका बाजूला इंग्रजी. मावशी खोकं घेऊन माझ्याकडे यायची. "बाय, वाच ना. मला चालंल का?"

सुरुवातीची मी खरी वाचली. एकात मध होता, एकात माल्टचा पाक, एकात तर चॉकलेटचा रंग. साखर कशी नावं बदलून बसते ते मी तिला ऐटीत समजावायची. एखादं चांगलंही निघायचं. पण हळूहळू माझ्या एक लक्षात आलं — खोकं चांगलं निघालं की मावशी "बरं" म्हणून उठायची. वाईट निघालं की बसायची. सुस्कारा टाकायची, कोरा चहा घ्यायची, किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलांचं, मुलाच्या लहानपणाचं बोलायची. माझी दुपार सरायची. मग मी वाईटच शोधायला लागले. शोधलं की काहीतरी सापडतंच ना?

आणि मग ते खोकं आलं. गव्हाच्या कोंड्याचं. साखर नाही, मध नाही, पाक नाही — वर ठळक अक्षरांत तसं छापलेलंच होतं. मी उलटंपालटं करून पाहिलं, नाव ठेवायला काही मिळेना. शेवटी खालची बारीक अक्षरं मोठ्याने वाचू लागले. लोह, जीवनसत्त्वं, फॉलिक ॲसिड —

"ॲसिड?" मावशीचा हात गालावर गेला. "संडासात ओततात ते?"

फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्वच. गरोदर बायकांना मुद्दाम देतात. मला ठाऊक नव्हतं असं नाही — त्यावर मी परीक्षेत पानभर लिहिलेलं. एक वाक्य बोलायचं होतं. मी मान डोलावली. हो, अशी. आणि चहाचं आधण ठेवायला उठले.

त्या दुपारी मावशी खूप वेळ बसली. जाताना खोकं टाकून दे म्हणाली. मी टाकलं नाही. रोज थोडं थोडं दुधात घालून मीच खाल्लं. बेचव होतं, पण चांगलं होतं.

मावशीकडे फोन नव्हता. मुलाचा फोन दर शुक्रवारी माझ्याच घरी यायचा. त्या शुक्रवारी ती त्याला नको तेवढं बोलली. "आईला ॲसिड धाडतोस? बघून तरी घ्यायचं." पलीकडून तो बराच वेळ काहीतरी सांगत होता. मग मावशीने रिसीव्हर माझ्यापुढे धरला — त्याला माझ्याशी बोलायचं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारातूनच खूण केली, दूध उतू जातंय म्हणून. गॅसवर दूध नव्हतंच.

त्यानंतर खोकी आली नाहीत. वाचायला काही नाही म्हटल्यावर मावशीही शुक्रवारच्या फोनापुरतीच येऊ लागली — मिळवलं काय मी? पुढे ती अर्नाळ्याला भावाकडे राहायला गेली. तिथेच वारली.

मुलगा फ्लॅट विकायला आला, तेव्हा मला भेटायला आला. मान खाली घालून बसला होता. "वहिनी, तुमी होता म्हनून बरं. मी दुकानात विचारून विचारून बिनसाखरेचं घेतलं होतं. आत ॲसिड घालतात हे मला काय कळनार? आई शेवटपर्यंत बोलायची, पोरानं बघितलं नाय."

आमच्यामध्ये फक्त एक टीपॉय होता. घरात तिसरं कुणी नव्हतं.

"असू दे," मी म्हटलं. "तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?"

त्याचे डोळे भरून आले. त्याने मला हात जोडले. माफ केलं होतं ना मी त्याला.